आम्ही लडाख फिरायला गेलो तेव्हा

दादा घर सोडून गेल्यावर आमच्या घरातले आवाज बदलले. तसा मीरा रोडच्या शांती नगरात आवाजांना तोटा नव्हता. पहाटे पाण्याचा पंप घुरघुरायला लागायचा, मग दूधवाल्याचे क्रेट आपटायचे, समोरच्या बिल्डिंगमधल्या घरातून पूजेची घंटा आणि मागच्या गल्लीतून अजान यायची, आणि ऊन वर आलं की भाजीवाल्याची हाक, ‘पालक ले लो, मेथी ले लो’. ते सगळं होतं तसंच राहिलं. गप्प झाल्या त्या आमच्या दोन खोल्या. आंघोळ करताना बेसूर गाणारं कोणी उरलं नाही. बाबा जेवायला बसताना बातम्या लावायचे आणि आवाज वाढवत न्यायचे, म्हणजे कोणाला काही बोलायची गरज पडू नये. आई भाकऱ्या थापायची त्याचा थप थप आवाज तेवढा ओळखीचा होता. पण तीही मधेच थांबायची, पिठाचा हात तसाच हवेत, आणि जिन्यावरची पावलं आमच्या मजल्यापाशी येऊन पुढे निघून जाईपर्यंत तशीच राहायची. तवा तापून धूर यायला लागला की मी आतून ओरडायचे, ‘आई, तवा!’

झालं ते कोणाच्याही घरात होईल असं होतं. बाबा अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब खात्यात होते. दादाचं, म्हणजे नितीनचं, ग्रॅज्युएशन रडतखडत पार पडल्यावर त्यांनी साहेबांचे पाय धरून त्याला तिथेच चिकटवला. दादाने काही महिने काढले आणि कोणाला न सांगता ती नोकरी सोडली. रोज डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर उत्तनजवळच्या पालीच्या किनाऱ्यावर, जाळी विणणाऱ्या कोळ्यांत जाऊन बसायचा. बाबा तेव्हा आजारपणाच्या रजेवर होते, म्हणून त्यांना उशिरा कळलं, आणि कळलं ते साहेबांकडून. रविवारची दुपार होती. सोसायटीच्या आवारात क्रिकेट चाललं होतं, सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. बाबा खाली गेले आणि त्यांनी दादाच्या थोबाडीत मारली. एकदा मारून थांबले असते तर वेगळं. तो हात खाली ठेवून उभा राहिला म्हणून त्यांना आणखी चेव आला. मी क्लासला गेले होते. परत आले तेव्हा जिन्यातच मला शेजाऱ्यांकडून कळलं. संध्याकाळी दादा कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणाला, तो आलाच नाही. महिन्याभराने एका अनोळखी नंबरवरून फोन आला, मीच उचलला. ‘मनू, मी बरा आहे. शोधू नका,’ एवढंच. त्या नंबरवर परत लावला तर तो चंदीगडच्या एका चहावाल्याचा निघाला.

मग दोन वर्षं काही नाही. काही नाही म्हणजे काय, हे ज्याच्या घरातलं माणूस असं गेलंय त्यालाच कळेल. मेलेल्या माणसाचे दिवस तरी घालता येतात. आई कोणी सांगेल ते सगळं करत होती. उत्तनच्या चर्चला मेणबत्ती लावून आली, भाईंदरच्या कुठल्या बाबाकडून अंगारा आणला. बाबांनी पोलिसांत तक्रार दिली होती, पण सज्ञान मुलगा स्वतःच्या पायाने गेलाय म्हटल्यावर तिथेही कोणी फारसं हललं नाही. बाबा त्याचं नाव घेत नसत. ‘तो’ म्हणायचे, आणि तेही क्वचित.

एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन धापा टाकत खाली आल्या. त्या त्यांच्या मंडळाबरोबर लडाखची टूर करून आदल्या दिवशीच परतल्या होत्या. चप्पलही न काढता त्या म्हणाल्या, ‘सुमनबेन, बसून ऐक. मैंने नितीन को देखा. पँगाँग लेक, टेंटवाला कॅम्प. मला चाय दिली त्याने. मी म्हटलं, अरे नितीन! तर तोंड फिरवून सीधा निघून गेला. दाढी वाढलीय, पण तोच आहे. माझ्या मांडीवर खेळलाय तो.’ आई बसली नाही. ती तशीच स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला आणि बाहेर येऊन विचारलं, ‘जाडा झालाय की बारीक?’

त्या रात्री जेवताना बाबांनी टीव्ही लावला नाही. ‘लडाख बघण्यासारखं आहे म्हणतात,’ ते ताटाकडे बघत म्हणाले. ‘गणपती झाले की फिरून येऊ.’ बस, एवढंच. निघेपर्यंत त्यांच्या तोंडी ‘फिरायला’ हाच शब्द राहिला. ऑफिसात, नातेवाइकांत, बिल्डिंगमध्ये, सगळीकडे हेच. लडाखचा नकाशा आणून ते आम्हाला नुब्रा व्हॅली, खारदुंग-ला, दोन मोठाली तळी असं सगळं बोट ठेवून दाखवत आणि आई समजल्यासारखी मान डोलवी. तिला त्यातला एकच ठिपका दिसत होता. दारावर मासे घेऊन येणाऱ्या पालीच्या फिलूबायकडून तिने सुका जवळा घेतला. फिलूबायला हे दुखणं माहीत होतं. तिच्या नवऱ्याच्या शेजारीच दादा किनाऱ्यावर बसायचा. ‘पोराला न्हेतेस? मंग ह्यो ने, ह्यो चांगला हाय,’ ती टोपलीच्या तळातून पुडी काढत म्हणाली, ‘तिकडं दर्या न्हाय, त्याला असा माल कुटं गावनार?’ आईने लसूण घालून त्याची चटणी केली आणि पिशवीवर पिशवी गुंडाळली, तरी विमानात आमच्या रांगेतली माणसं नाक मुरडत होती.

लेहला उतरल्यावर विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. हॉटेलवाल्याने सांगितलं, आमच्या गाडीचा ड्रायव्हर दोरजे यानेही हात जोडून सांगितलं. आईने एक दिवस कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून, स्वेटर घालून खाटेच्या कडेवर बसलेली. ‘निघू या.’ बाबा म्हणाले, ‘सुमन, डोकं दुखतंय का तुझं? खरं सांग.’ ती म्हणाली, ‘मला काहीही होत नाहीये.’ आज मला माहीत आहे की रात्रभर ती न्हाणीघरात जाऊन ओकत होती आणि आवाज येऊ नये म्हणून नळ सोडत होती. कुशीवर वळताना मी तो नळ ऐकला होता, आणि इथे पाणी किती आहे, असं मनात येऊन मी परत झोपले होते.

त्या रस्त्याचं वर्णन बाकीचे प्रवासी करतात तसं मला करता येत नाही. सिंधू नदीच्या काठाने पिवळे पडत चाललेले पॉप्लर, जवाच्या कापणीला वाकलेल्या बायका, मग डोंगर जवळ येत येत नुसते दगड आणि माती, आणि वर निळं नाही, जवळजवळ काळं आभाळ. वाटेतल्या खिंडीचं नाव चांग-ला. ‘नावच चांगला आहे बघ,’ बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांनी असा विनोद फार दिवसांत केला नव्हता. आईही हसली आणि तिला खोकला आला. खिंड उतरल्यावर कमी होईल, असं आम्ही धरून चाललो. ती उतरल्यावरही खोकतच राहिली.

तळं एका वळणावर एकदम समोर आलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि एवढं निळं काही असू शकतं हे मला माहीत नव्हतं. त्या निळ्याचा मला रागच आला. गाडी काठाकाठाने स्पांगमिक गावापर्यंत गेली. तिथे पांढऱ्या तंबूंच्या ओळी होत्या. हंसाबेनने सांगितलेला कॅम्प आम्हाला लगेच सापडला. मोसम संपत आला होता, माणसं तंबू उतरवत होती. बाबा मॅनेजरकडे गेले आणि दादाचा फोटो दाखवायच्या आधीच म्हणाले, ‘नितीन कांबळी. मुंबई का लडका.’ मॅनेजरने फोटो पाहिला. ‘नितीन? वो तो चला गया. इस महीने के शुरू में. करझोक में दूसरा कॅम्प है, त्सो मोरीरी लेक पे. उधर गया होगा. अच्छा लडका है, किसी से बात नहीं करता.’

बाबा परत गाडीपाशी आले. आई दार उघडून पाय बाहेर सोडून बसली होती. तिला उतरायचं होतं, पण जमत नव्हतं. बाबांनी सांगितलं आणि ती म्हणाली, ‘मग तिकडे चला.’ वाक्य पुरं करताना तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. मी तिचा हात धरला, तर नखं जांभळी झाली होती. तिने रुमाल तोंडाला लावला, खोकली, आणि रुमाल मुठीत दाबला. मी तो ओढून घेतला. त्यावर गुलाबी फेस होता. छातीला कान लावायचीही गरज नव्हती. हुक्क्यात पाणी गुडगुडावं तसा आवाज तिच्या श्वासातून येत होता.

दोरजेने रुमाल पाहिला आणि ताबडतोब गाडी चालू केली. ‘सर, फेफडे में पानी. अभी नीचे जाना पडेगा. अभी.’ बाबांनी विचारलं, ‘नीचे मतलब?’ ‘लेह.’ ‘और रास्ता?’ रस्ता एकच होता, ज्याने आलो होतो तो. खाली जायचं तर आधी चांग-ला चढायला हवा होता, या तळ्यापेक्षा कितीतरी उंच.

आणि आई यायला तयार नव्हती. हे मी आयुष्यात विसरणार नाही. तिच्यात बोलायचं बळ नव्हतं, पण तिने गाडीच्या दाराचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. ‘मी नाही येणार. तो पलीकडे आहे. इतक्या लांब आले मी. तुम्ही जा.’ बाबा समजावत होते, मी रडत होते. मग बाबांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला उचलून आत ठेवलं. ती त्यांच्या छातीवर मारत होती. त्या मारात काही दम नव्हता, लहान मूल झोपेत हात मारतं तसं. ‘तुम्हीच घालवलंत त्याला,’ ती म्हणाली, ‘आता मलाही नेताय.’ बाबा आत बसले आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

वाटेत तांगत्से गावात छोटं सरकारी इस्पितळ आहे. तिथल्या डॉक्टरने तिला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनचं सिलिंडर गाडीत चढवून दिलं आणि आपली एक नर्सही बरोबर दिली. अंधार पडायच्या आत खिंड ओलांडा, असं सांगितलं. आम्ही चढायला लागलो आणि बर्फ सुरू झाला. आधी तो बर्फ आहे असंही वाटलं नाही, काचेवर पीठ भुरभुरल्यासारखं होतं. वळणावळणावर ते दाट होत गेलं. खिंडीच्या अलीकडे मिलिटरीचे ट्रक थांबले होते, एक टँकर आडवा घसरला होता, आणि त्याच्यामागे सगळी वाहतूक उभी.

त्या थांबलेल्या गाडीत आम्ही किती वेळ होतो मला सांगता येणार नाही. नर्स सिलिंडरच्या काट्यावर बोट टेकवून बसली होती आणि ते बोट सरकत होतं. आईचे ओठ शाईसारखे. मास्कच्या आत तिचा श्वास धुकं करायचा आणि पुसायचा, आणि मी मनातल्या मनात प्रत्येक वेळी म्हणत होते, आता परत, आता परत. दोरजे उतरून धावत पुढे गेला होता. आणि तेव्हा बाबा बोलायला लागले. दोन वर्षांत न बोललेलं सगळं ते आईच्या कानाशी बोलत होते. नितीनचा जन्म झाला तेव्हा मी ऑफिसातून कसा पळत आलो, नितीनला पहिल्यांदा समुद्रावर नेलं तेव्हा तो पाण्याला कसा घाबरला, नितीन, नितीन, नितीन. ‘सुमन, मी आणतो त्याला. तू फक्त राहा. मी त्याच्या पाया पडतो, पण आणतो. तू जाऊ नकोस.’ नर्सला मराठी येत नव्हतं, पण तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

जवानांनी टँकर कडेला ढकलला आणि आमची गाडी सगळ्यांच्या आधी सोडली. खिंडीच्या माथ्यावर बर्फात चालणाऱ्या दोन जवानांनी गाडीला मागून रेटा दिला. उताराला लागल्यावर दोरजे मोठ्याने काहीतरी म्हणत होता, प्रार्थना असावी. सिलिंडर संपलं तेव्हा खाली लेहच्या खोऱ्यातले दिवे दिसायला लागले होते.

आई वाचली. लेहच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी तिने डोळे नीट उघडले आणि बाबांकडे पाहिलं. तोंडावर मास्क होता, पण काय म्हणायचं ते तिने डोळ्यांनीच म्हटलं. बाबा उठले, कोट घातला आणि दोरजेला घेऊन करझोकला गेले.

मी आईजवळ राहिले. शेजारच्या खाटेवर एक लडाखी आजी होती. तिची सून घरून खंबीर नावाच्या जाडजूड रोट्या आणि मिठाचा चहा आणायची आणि मलाही बळेच द्यायची. तिथेच एका दुपारी आईने मास्क बाजूला करून मला सांगितलं. ‘मनू, त्या दिवशी मी गॅलरीच्या खिडकीत होते. ते मारत होते ना, तेव्हा त्याने वर पाहिलं. माझ्याकडे. आणि मी खिडकी लावून घेतली. लोक बघत होते, मला लाज वाटली.’ मी मास्क परत तिच्या तोंडाला लावला. आज माझी स्वतःची मुलं मोठी झालीत, आणि अजूनही त्यावर आईला काय म्हणायला हवं होतं ते मला सुचलेलं नाही.

बाबा परत आले ते दादाला घेऊन. दारात तो उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. उन्हाने चेहरा काळा पडलेला, गालावरची कातडी फुटलेली, खांदे रुंद झालेले. तिथे तळ्याकाठी बाप-लेकांत काय बोलणं झालं ते दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढंच दोरजेकडून कळलं की बाबा गाडीतून उतरून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग बाबा म्हणाले, तुझी आई इस्पितळात आहे, आणि दादा तसाच, अंगावरच्या कपड्यांनिशी, गाडीत येऊन बसला.

आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ‘बारीक झालास,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘मी खिडकी लावली रे.’ दादा म्हणाला, ‘पाहिलं होतं मी.’ त्याने ते रागाने म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. आणि मग खाटेखालून जवळ्याच्या चटणीची पिशवी काढून तो शेजारच्या आजीच्या रोटीबरोबर खायला बसला. आख्ख्या वॉर्डात वास सुटला. आई त्याच्या हालणाऱ्या जबड्याकडे बघत होती. मला वाटलं, संपलं सगळं. आता घरी.

पुढचे दिवस तो तिच्याजवळून हलला नाही. तिला पाजायचा, धरून न्यायचा, तिची वेणीसुद्धा एकदा वाकडीतिकडी घालून दिली. बाबांनी परतीची चार तिकिटं काढली. डॉक्टरांनी सोडताना सांगितलं, ‘माताजी को फिर कभी इतनी ऊँचाई पर मत लाइए. अगली बार बचाना मुश्किल होगा.’ हे सांगत असताना दादा खाली बघत होता. मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

दादा नंतर मीरा रोडला आला, काही हिवाळे आला. तळं गोठलं, कॅम्प बंद झाले की यायचा, हॉलमध्ये गादी टाकून खिडकी उघडी ठेवून झोपायचा, आणि बर्फ वितळायच्या दिवसांत निघून जायचा. आईच्या शेवटच्या दुखण्यात मात्र खिंडी बंद होत्या, विमानं उडत नव्हती, आणि तो पोचला तेव्हा आम्ही स्मशानातून परत आलो होतो. पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी, लेहच्या विमानतळावर, आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हतं.

गाडी दाराशी थांबली. दोरजेने सामान उतरवलं. आईला चाकांच्या खुर्चीत बसवलं, दादाने तिच्या पायांवर शाल नीट खोचली. सकाळची थंडी नाकाला झोंबत होती. दारावर बंदूक घेतलेला जवान तिकिटं बघत होता, त्याच्यापुढे रांग होती. आम्ही सरकत सरकत पुढे गेलो. दादा आईची खुर्ची ढकलत होता. बाबा पुढे होते, हातात तिकिटं घट्ट धरून, फार दिवसांनी ताठ चालत. मी बॅगा ओढत होते. दारापाशी पोचल्यावर दादाने खुर्चीच्या मुठी सोडल्या आणि तो बाजूला उभा राहिला. आईने मागे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही तिने, त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मोकळे होते. बॅग नव्हती, पिशवी नव्हती, काही नव्हतं. ती तशीच बघत राहिली.

जवानाने हात पुढे केला. ‘टिकट?’

बाबांनी चारही कागद त्याच्यापुढे धरले. आईने खुर्चीतून हात लांब करून त्यांच्या बाहीला धरलं.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘तीनच दाखवा.’